टाकीत टीसीएल टाकलं तरी जंतू उरतात कसे? अमिबाच्या आत लपणाऱ्या जिवाणूंची गोष्ट

मोबाइलमधला अँटिव्हायरस एका फाइलपुढे हात टेकतो, हे तुम्हाला माहीत असेल. पासवर्ड लावलेली झिप फाइल. स्कॅनरला ती फाइल दिसते, तिचा आकार कळतो, पण आत काय आहे ते बघता येत नाही. आत व्हायरस असला तर तो निवांत पडून राहतो आणि कुणीतरी पासवर्ड टाकून फाइल उघडली की बाहेर येतो.

आपल्या पाण्यात आणि स्वयंपाकघरात अगदी असंच काहीसं चालतं. इथली झिप फाइल म्हणजे अमिबा, आत बसलेला व्हायरस म्हणजे साल्मोनेलासारखा जिवाणू आणि अँटिव्हायरस म्हणजे आपलं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आजचा लेख नेहमीच्या मोबाइल-अॅपच्या विषयांपेक्षा वेगळा आहे, पण शेवटी मोबाइल येणारच आहे, तेव्हा वाचत राहा.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो जळगावात रूम करून राहत असताना. मी मूळचा धुळ्याचा. आम्ही नऊ मुलं एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो, गच्चीवर एक काळी प्लास्टिकची टाकी. जूनमध्ये चौघांना एकदमच जुलाब-उलट्या सुरू झाल्या, त्यातल्या एकाला तर सलाइन लावावं लागलं आणि त्याचा पेपर बुडाला. घरमालकांनी टाकीत टीसीएल टाकलं, दोन दिवस पाण्याला वास आला आणि सगळं ठीक झालं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. तेव्हा ते वैतागून म्हणाले, "अरे पावडर टाकली होती ना, मग परत कसं काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. अशा जुलाबाचं कारण बहुतेक वेळा साधंच असतं: फुटलेली पाइपलाइन, जवळून जाणारं गटार, न धुतलेले हात. प्रत्येक वेळी अमिबाला दोष द्यायची गरज नाही. पण क्लोरीन टाकूनही जंतू उरतात कसे, याचं एक उत्तर अमिबापाशी नक्की आहे आणि ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

कोणता अमिबा?

आपल्याकडे "पोटात अमिबा झालाय" असं म्हणतात तो वेगळा. तो एंटअमिबा हिस्टोलिटिका, त्याने आमांश होतो. आणि केरळमधल्या बातम्यांमुळे २०२४-२५ मध्ये ज्याचे रील्स सगळीकडे फिरत होते तो मेंदूचा अमिबा, म्हणजे नेग्लेरिया, तोही वेगळा.

मी सांगतोय तो अकँथामिबा. तो जगायला माणसावर अवलंबून नाही. माती, नदी, विहीर, नळाचं पाणी, टाकीचा तळ, मोरी, कूलरचं पाणी, सगळीकडे तो आपापला राहतो. त्याच्या अंगावर काट्यांसारखी टोकं दिसतात म्हणून त्याला हे नाव. ग्रीकमध्ये अकँथा म्हणजे काटा. आकार साधारण २५ ते ४० मायक्रॉन. केसाची जाडी ७०-८० मायक्रॉन धरली तर केसाच्या निम्म्याएवढा. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे त्याच्यापुढे ते हत्तीपुढच्या केळ्यांसारखे.

(जाता जाता: तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका. हाच अमिबा डोळ्याच्या बुबुळाला फार वाईट जखम करतो.)

त्याचं खाणं म्हणजे जिवाणू. टाकीच्या भिंतीला आतून हात लावला की बुळबुळीत थर लागतो ना, ते त्याचं शेत. तिथे जिवाणू वाढतात आणि हा चरत फिरतो. जिवाणू दिसला की त्याला चहूबाजूंनी वेढायचं, आत ओढायचं, एका पुरचुंडीत बांधायचं आणि त्या पुरचुंडीत आम्ल आणि पाचकरस सोडायचे. बहुतेक जिवाणू तिथे संपतात, म्हणजे तसा हा आपला सफाई कामगारच.

पण काही जिवाणू पचत नाहीत.

आत गेल्यावर काय होतं?

साल्मोनेलाचं उदाहरण घेऊ. त्याच्याकडे सुईसारखी एक यंत्रणा असते. पुरचुंडीत अडकला की तो त्या सुईतून आपली प्रथिनं पलीकडे टोचतो आणि पचनाची प्रक्रिया बिघडवून टाकतो. ही यंत्रणा ज्या जनुकांमुळे बनते ती जनुकं साल्मोनेलाला माणसाच्या शरीरातही लागतात. आपल्या रक्तातल्या आणि ऊतींमधल्या काही पांढऱ्या पेशी अगदी अमिबासारख्याच जंतूंना गिळून पचवतात. त्यांच्यातही साल्मोनेला याच सुईच्या जोरावर तगून राहतो. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की तीच जनुकं काढून टाकली तर साल्मोनेलाचा अमिबातही निभाव लागत नाही.

मला यातली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट ही वाटते. अमिबा पृथ्वीवर माणसाच्या कितीतरी आधीपासून आहे. तेव्हा जिवाणूंनी गिळलं गेल्यावरही जिवंत राहायचे डावपेच अमिबाच्या तालमीत गिरवले आणि आखाड्यात माणूस फार उशिरा उतरला, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते अन्नातल्या जिवाणूमुळे नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन होतं आणि त्यानंतर न्यूमोनियाची साथ आली. पुढच्या वर्षी जिवाणू सापडला, त्याचं नाव लिजिओनेला ठेवलं. हा जिवाणू पाण्यात वाढतो कसा, याचं उत्तर १९८० मध्ये ब्रिटनच्या टिमोथी रोबोथम यांनी दिलं: तो अमिबाच्या आत वाढतो. तिथून पुढे लोक इतर जिवाणूंकडे या नजरेने बघू लागले.

मग १९८८ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग आला, जो टाकीत टीसीएल टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा असं मला वाटतं. संशोधकांनी साल्मोनेला, शिगेला, कँपिलोबॅक्टर, ई. कोलाय असे जिवाणू अकँथामिबाला आणि टेट्राहायमिना नावाच्या दुसऱ्या एकपेशीय जीवाला खायला घातले आणि मग क्लोरीन टाकलं. मोकळे जिवाणू ९९ टक्के मरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या बऱ्याच नंतरही गिळलेले जिवाणू जिवंत निघाले. टेट्राहायमिनाच्या आत बसलेले रोगजंतू तर क्लोरीनला ५० पटीहून जास्त टिकाऊ ठरले. जिवाणू तेच, क्लोरीन तेच. फरक एवढाच की आता त्यांच्याभोवती एक जिवंत भिंत होती.

कापसाचं चिलखत

खरी कमाल पुढे आहे. पाणी आटलं, खाणं संपलं, थंडी वाढली किंवा औषध पडलं की अकँथामिबा हातपाय आखडून घेतो, अंगातलं पाणी बाहेर टाकतो, गोल होतो आणि स्वतःभोवती दुहेरी कवच बांधतो. याला सिस्ट म्हणतात, आपण कोष म्हणू. या कवचात सेल्युलोज असतं. सेल्युलोज म्हणजे काय हे खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, आपला कापूस जवळजवळ सगळा सेल्युलोजचाच असतो. तर हा पठ्ठ्या कापसाच्याच मालाचं चिलखत घालून झोपतो.

किती दिवस? २००८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वीस वर्षांहून जास्त काळ सुकून पडलेले कोष पाण्यात आणि खाण्यात ठेवले, आणि त्यातून अमिबा पुन्हा चालू लागले. वीस वर्षं! म्हणजे "टाकी दोन दिवस उन्हात कोरडी ठेवली, सगळं मेलं" हे अमिबाच्या बाबतीत खरं नाही.

क्लोरीनचंही तसंच. नळाच्या पाण्यात आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक असावं असं भारतीय मानक सांगतं. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या किल्विंग्टन आणि प्राइस यांनी लिजिओनेला आत असलेले कोष लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये ठेवले, म्हणजे या किमान पातळीच्या अडीचशे पट. आतले जिवाणू वाचले. त्यामुळे "वास येईपर्यंत पावडर टाका" या उपायाने कोष मरत नाही, फक्त पाणी पिण्यालायक राहत नाही.

आता अन्नाकडे येऊ. कोषात लिजिओनेला टिकतो हे कळलं, पण जुलाब करणारे नेहमीचे जिवाणू टिकतात का? बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये याचं उत्तर दिलं. त्यांनी साल्मोनेला, ई. कोलाय, यर्सिनिया आणि लिस्टेरिया हे चार जिवाणू घेतले, अकँथामिबाला दिले आणि अमिबाला कोष बांधायला लावला. काही प्रयोगांत ५३ टक्क्यांपर्यंत कोषांमध्ये जिवाणू सापडले. ते कोष अँटिबायोटिकमध्ये ठेवले, पीएच ०.२ एवढ्या जळजळीत आम्लात ठेवले. आपल्या पोटातलं आम्ल यापेक्षा बरंच सौम्य असतं. तरीही कोष उघडल्यावर जिवाणू बाहेर आले आणि वाढायला लागले. साल्मोनेला सगळ्यात चिवट निघाला, तीन आठवड्यांपर्यंत आत जिवंत.

सगळेच जिवाणू एवढे पटाईत नसतात. लिस्टेरियाच्या बाबतीत इतर काही प्रयोगशाळांना असं दिसलं की अमिबा त्याला बऱ्याचदा पचवूनच टाकतो. तेव्हा "अमिबा म्हणजे सगळ्या जंतूंचा किल्ला" असा थंबनेल कुठे दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका. कोणता जिवाणू, त्याचा कोणता प्रकार, किती तापमान, यावर सगळं ठरतं.

पुण्याची साथ आणि एक नाजूक जिवाणू

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची, साथ आली होती ते आठवत असेल. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. रुग्णांच्या नमुन्यांत नोरोव्हायरस आणि कँपिलोबॅक्टर जेजुनी सापडले, आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. या साथीला मी अमिबाचा संबंध जोडत नाही. पण कँपिलोबॅक्टरचा स्वभाव बघा. हा जिवाणू खरं तर फार नाजूक आहे. हवेतला नेहमीएवढा ऑक्सिजन त्याला सोसत नाही आणि ३० अंशांच्या खाली तो वाढत नाही. एवढा नाजूक जीव उघड्या पाण्यात टिकतो कसा, हे कोडं जुनं आहे.

२००५ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की अमिबाच्या सोबत ठेवलं तर तो जास्त टिकतो. त्याच गटाने २०१० मध्ये दाखवलं की अमिबाच्या संगतीत तो आम्लही जास्त सोसतो. २०१२ मध्ये आणखी एक गंमत पुढे आली: अमिबा श्वास घेताना पाण्यातला ऑक्सिजन कमी करतो, त्यामुळे त्याच्या आसपासचं पाणीच कँपिलोबॅक्टरला मानवतं. म्हणजे कधी घरात घेऊन आसरा, तर कधी नुसत्या शेजारामुळे फायदा.

कॉलराच्या जिवाणूचंही अकँथामिबाशी जमतं, हे स्वीडनमधल्याच दुसऱ्या एका गटाने दाखवलंय. पण कॉलराचा त्याहून भारी किस्सा बांगलादेशातला आहे. तिथे हा जिवाणू पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवांना चिकटून फिरतो. रीटा कोलवेल आणि अन्वर हक यांच्या गटाने मतलब भागातल्या बायकांना जुन्या सुती साडीची घडी घालून पाणी गाळायला सांगितलं. २००३ मध्ये निकाल छापून आला: कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी! नुसता जिवाणू साडीतून सहज निसटला असता, पण तो ज्याच्यावर स्वार होता ते वाहन कापडात अडकलं. आपल्याकडे हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायची पद्धत होती, तिच्यात एवढं विज्ञान होतं. अमिबाचा कोष मात्र १० ते २५ मायक्रॉनचा, तो अशा कापडातून पुष्कळदा पार होईल. त्यासाठी याहून बारीक फिल्टर लागतो.

मग जळगाव-धुळ्यात काय करायचं?

आपल्या भागाची अडचण अशी की पाणी रोज येत नाही. जळगावला वाघूरचं, धुळ्याला तापी, नकाणे, डेडरगावचं. पण नळ आला की भरून ठेवायचं आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं, ही दोन्हीकडची सवय. पाणी साठवलं की क्लोरीन हळूहळू उडून जातं, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की गच्चीवरच्या टाकीत तर ते फारच लवकर उडतं. खाली गाळ, भिंतीला बुळबुळीत थर, पाणी कोमट. अमिबाला आणखी काय हवं?

म्हणून टाकी धुताना पावडरीपेक्षा ब्रशवर जास्त भरवसा ठेवा. आधी टाकी पूर्ण रिकामी करायची, तळाचा गाळ काढायचा, भिंती आणि झाकणाची आतली बाजू घासून तो थर उतरवायचा, ते पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि मगच क्लोरीन. घाण तशीच ठेवून वरून टीसीएल ओतलं तर निम्मं क्लोरीन त्या घाणीतच खर्च होतं आणि थराच्या आतले अमिबा बचावतात. आमच्या रूमवर नेमकं हेच व्हायचं, पावडर वरून पडायची आणि तळाशी बोटभर गाळ तसाच. पुढे आम्ही सगळ्यांनी मिळून एका रविवारी टाकी घासली. निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

याचा अर्थ क्लोरीन बिनकामाचं असा काढू नका. मोकळे फिरणारे जिवाणू त्याने मरतात आणि आजार बहुतांशी त्यांच्यामुळेच होतो. गावातल्या जलसुरक्षकाने ओटी टेस्ट करून पाण्यात पिवळा रंग येतो का ते बघणं, आशाताईंनी मेडिक्लोरची बाटली देणं, हे सगळं चालूच राहिलं पाहिजे.

पिण्याच्या पाण्यासाठी अमिबाची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: तो मोठा आहे. चांगल्या प्युरिफायरमधल्या यूएफ किंवा आरओच्या पडद्याची छिद्रं एक मायक्रॉनपेक्षाही कितीतरी बारीक, त्यात कोष अडकतोच. नुसता यूव्ही दिवा असलेला प्युरिफायर मात्र कोषाला पुरेल याची खात्री नाही, कारण कोष यूव्हीलाही चिवट आहे. आणि फिल्टर वेळेवर बदलला नाही किंवा खालची साठवण टाकी वर्षभर उघडलीच नाही तर तिथेही बुळबुळीत थर तयार होतो. प्युरिफायर नसेल तर पाणी खदखदून उकळा आणि त्यानंतर एक मिनिट तसंच उकळू द्या. चिलखत कापसाचं असो की कशाचं, उकळीपुढे टिकत नाही.

स्वयंपाकघरात मला सर्वांत जास्त शंका येते ती ओट्यावरच्या फडक्याची. दिवसभर ओलं, खरकटं लागलेलं, कोमट. घेंटच्याच गटाने घरगुती फ्रिजमध्ये, सॅलडच्या पानांवर आणि मोड आलेल्या कडधान्यांवर मोकळे राहणारे एकपेशीय जीव शोधले आणि ते भरपूर सापडले. म्हणजे फडकं दोन दिवसांनी उकळत्या पाण्यात टाका, मोड आलेली मटकी कच्ची खाण्यापेक्षा एक वाफ द्या, आणि कांद्याची पात, कोथिंबीर, काकडी धुवायला गच्चीवरच्या टाकीचं पाणी न वापरता पिण्याचं पाणी वापरा. थंडीत भरीत पार्टी असते तेव्हा वांगी तर काटक्यांच्या जाळावर भाजून निघतात, त्यांची काळजी नाही. वरून कच्ची पडणारी पात आणि कोथिंबीर कुठल्या पाण्यात धुतलीय ते बघा. शेतातली पार्टी असली की ते पाणी बऱ्याचदा विहिरीचं किंवा पाटाचं असतं.

आणि तरीही जुलाब लागलेच तर ओआरएस लगेच सुरू करा. शौचातून रक्त, सतत ताप, लघवी कमी होणं, किंवा नंतर हातापायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वाटणं, यातलं काही दिसलं तर मोबाइलवर शोधत न बसता डॉक्टर गाठा.

मोबाइलवर अमिबा बघायचाय?

आता कबूल केल्याप्रमाणे मोबाइल. मूळचे भारतातले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे मनू प्रकाश यांनी फोल्डस्कोप नावाचा कागदी सूक्ष्मदर्शक बनवला, त्याबद्दलचा शोधनिबंध २०१४ चा. घडी घालून तयार होतो, खिशात मावतो आणि चुंबकाने मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटतो. साधारण १४० पट मोठं दिसतं, वर मोबाइलचा झूम आहेच. पोटातले जिवाणू यातून ओळखता येणार नाहीत, पण अमिबा आणि त्याचे भाऊबंद दिसू शकतात.

टाकीच्या भिंतीचा किंवा कूलरच्या तळाचा बुळबुळीत थर काडीने खरवडून घ्या, एक थेंब स्लाइडवर ठेवा, वरून कव्हरस्लिप. नंतर हात साबणाने धुवा. पहिल्यांदा जे भराभर पळताना दिसतील ते अमिबा नाहीत, ते केसाळ अंगाचे दुसरे एकपेशीय जीव, टेट्राहायमिनाच्या जातकुळीतले. अमिबा शोधायला धीर लागतो. कडेला एखादा फिकट, वेडावाकडा डाग दिसला की फोकस तिथेच ठेवा, फोन हलणार नाही असा टेकवा आणि टाइम-लॅप्स लावून दहा मिनिटं सोडून द्या. व्हिडिओ चालवल्यावर डागाने आकार बदललेला आणि जागा सोडलेली दिसली तर तो सापडला.